जो कापेल त्याचं कार्ड

ही हकीकत मी २०२२ सालच्या नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या रविवारी दुपारी लोइस टाइन्स्ट्रा यांच्याकडून ऐकली. मिशिगन राज्यात कलामाझूच्या दक्षिणेला असलेल्या एका लहान गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. हकीकत त्यांच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीची, नेल्वा हॉफस्ट्रा हिची आहे. शेवटच्या प्रसंगी लोइसबाई स्वतः त्या घरात होत्या. बाकीचे नेल्वाने त्यांना वेळोवेळी सांगितले. ऐकीव काय आणि पाहिलेले काय, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतले. मांडणी मात्र सगळी नेल्वाच्या बाजूने केली आहे, कारण भोगणे तिच्या वाट्याला आले होते.

१

नेल्वाचा शनिवार ठरलेला असे. सकाळी ओट्सची लापशी, मग केस विंचरून, कोट चढवून जुन्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कार्डांच्या बाजारात एक फेरी. तिथे बेसबॉलच्या खेळाडूंची जुनी कार्डे विकणारी पाच-सहा टेबले लागत. ती थेट ड्वेनच्या टेबलाशी जाई, काचेखालच्या मौल्यवान कार्डांकडे ढुंकूनही न पाहता टेबलाखालचे बुटांचे खोके ओढून घेई आणि खुर्चीवर बसून ते उपसू लागे.

त्या खोक्यात ड्वेनचा कचरा असे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांच्या पाठीवर सात-सात खेळाडूंची कार्डे छापलेली असत. घरोघरची पोरे ती कात्रीने कापून काढत. ज्याने रेषेवरून नीट कापले त्याच्या कार्डाला आज मान आहे. ज्याने वाकडे कापले त्याचे कार्ड बुटांच्या खोक्यात. नेल्वाला वाकडीच हवी असत.

"आलात मिस हॉफस्ट्रा? तुमच्यासाठी कचरा राखून ठेवलाय," ड्वेन म्हणे.

"कचरा तू विकतोस, ड्वेन. मी नुसती उचलते."

"हा बघा. पोरट्यानं ह्याचा कानच उडवलाय. असला माल तुमच्याशिवाय कोण घेणार?"

"असू दे. त्याला तसंही कोचचं कधी ऐकू गेलं नाही."

ड्वेन खदखदून हसे आणि कार्डांच्या पाकिटात एखादे जास्तीचे सरकवून देई.

नेल्वाने उभी हयात शाळेत मुलींना शिवणकाम शिकवण्यात घालवली होती. अक्षरावरून माणूस ओळखावा तशी ती कापावरून हात ओळखे. एखादे पोर घाईचे, कोपरा आला तरी कात्री न थांबवणारे. एखाद्याने बोथट टोकांच्या कात्रीने पुठ्ठा कापण्यापेक्षा चावलाच आहे. एखाद्याच्या कडा पहिल्या तीन बाजूंना केविलवाण्या आणि चौथ्या बाजूला एकदम सरळ. म्हणजे शेवटी आईने हातातून कात्री घेतलेली. अशा प्रत्येक कार्डामागे एक अनोळखी स्वयंपाकघर, एक अनोळखी टेबल तिला दिसे, आणि ते अनोळखी आहे याचेच तिला समाधान वाटे.

ती नऊ वर्षांची होती त्या वर्षीचा दोनशे खेळाडूंचा संपूर्ण संच तिला जमवायचा होता. अट एकच: त्यात तिच्या भावाच्या हातचे एकही कार्ड नको.

२

ही अट समजायची तर त्यांच्या आईचे दोन कायदे सांगायला हवेत. वडील कॉर्नफ्लेक्सच्या कारखान्यात खोकी भरण्याच्या खात्यात होते. घरात फ्लेक्सना तोटा नव्हता, पण आईला नासाडी खपत नसे. खोके रिकामे झाल्याशिवाय त्याची पाठ कापायची नाही, हा पहिला कायदा. आणि जो कापेल त्याचे कार्ड, हा दुसरा.

कॉर्विन बारा वर्षांचा होता, नेल्वा नऊ. गोड फ्लेक्सच्या खोक्यांवरची कार्डे त्याने केव्हाच जमवली होती. उरलेली नेमकी गव्हाच्या कोंड्याच्या फ्लेक्सवर छापून येत, आणि ते फ्लेक्स म्हणजे भुसा. कॉर्विन त्यांना तोंड लावीना.

"नेल, तू खाऊन टाक गं," आई म्हणे. "भावाला कार्ड मिळेल तेवढंच."

म्हणून त्या उन्हाळ्यात नेल्वाने भुसा खाल्ला. सकाळी खाल्ला, दुपारी शाळेला सुट्टी म्हणून पुन्हा खाल्ला. समोर कॉर्विन कात्री घेऊन बसलेला असे आणि खोके हलवून हलवून आत किती उरले आहे याचा अंदाज घेई. खोके रिकामे झाले की तो कापायला घेई. एकदा तिने धीर करून त्याच्याजवळ एक कार्ड मागितले. एकच, तेही त्याच्याकडे दोन असलेले.

"कात्री कुणाच्या हातात होती?" त्याने विचारले.

आई चुलीपाशी होती. कायदा तिचाच होता.

पुढचे आयुष्य याच नमुन्यावर बेतले गेले, असे नेल्वा म्हणे. आईच्या शेवटच्या आजारात उशाशी नेल्वा बसली आणि आईच्या ओठांवर नाव राहिले कॉर्विनचे. घर कॉर्विनला गेले. चर्चमध्ये लोक त्याला सांगत, "आईचं फार केलंस हो," आणि तो मान खाली घालून ते स्वीकारी. गेल्या जानेवारीत तो वारला. त्याच्या बायकोने महिनाभरात त्याची सगळी कार्डे विकून टाकली. नेल्वाला साधे विचारलेही नाही.

"बरं झालं," नेल्वा लोइसला म्हणाली होती. "ब्याद गेली. मी माझी जमवतेच आहे. परक्या पोरांनी कापलेली. तो नसलेली."

३

एप्रिलमधल्या एका शनिवारी तिने ड्वेनचे पाकीट जेवणाच्या खोलीतल्या टेबलावर रिकामे केले. ही खोली तिने कार्डांना देऊन टाकली होती. स्वतः ती स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी जेवे. मध्ये एक दार, दोन्हीकडे उघडणारे, धक्का दिला की थोडा वेळ हलत राहणारे.

चौथ्या की पाचव्या कार्डावर तिचा हात थांबला.

कार्ड कुठल्याशा राखीव पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचे होते. तिने खेळाडूकडे पाहिलेच नाही. उजवीकडची कड खाली येता येता रेषेच्या आत घसरली होती आणि कोपऱ्याच्या अलीकडे कात्रीने एकदम बाहेर झेप घेतली होती. तिथे एक बारीक पायरी तयार झाली होती. कड तिरपी, उलट्या बाजूला उतरती. डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताच्या कात्रीने कापले की असे होते. पाते रेषेला झाकते, कापणाऱ्याला शेवटचा भाग दिसत नाही आणि ऐनवेळी तो सावरतो. कॉर्विन डावखुरा होता. घरात कात्री एकच होती.

तिने स्वतःला समजावले. त्याची कार्डे विकली गेली. गावातली वस्तू गावातल्याच बाजारात येणार. यात नवल ते काय? तिने ते कार्ड चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

पुढच्या आठवड्यात ओहायोतल्या एका बाईकडून टपालाने मागवलेली कार्डे आली. त्या बाईने सोबत लिहिले होते की ही तिच्या वडिलांनी लहानपणी कापलेली, तेव्हापासून घराबाहेर न गेलेली. त्यातल्या तीन कार्डांना पायरी होती.

तिने लोइसला फोन केला.

"जगात डावखुरा काय एकटा तुझाच भाऊ होता का गं?" लोइस म्हणाली. "माझा नवरा हॅरल्डही डावखुरा होता. त्याला तर सरळ पावही कापता येत नव्हता."

"सगळे डावखुरे एकाच जागी घसरतात?"

"कात्री सारखीच, पुठ्ठा सारखा, पोरंही सारखीच गाढव. मग चूकही सारखीच व्हायची. नेल, तो गेलाय. त्याला इतकं जवळ नको ठेवूस."

"मी ठेवत नाहीये," नेल्वा म्हणाली. "मी फेकतेय."

४

मे महिन्यात एका सकाळी लापशी खाताना तिने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. दाराच्या पलीकडे, जेवणाच्या खोलीत, कोणीतरी कोरडे फ्लेक्स खात होते.

तिच्या मनात हेच पहिल्यांदा आले, आणि ती चमचा हातात धरून ऐकत राहिली. कुर्रम, मग थांबणे, मग पुन्हा कुर्रम. दूध न घालता, घाई न करता, एकेक घास चावून संपवल्यासारखे. तिला वाटले, उंदीर. जुन्या पुठ्ठ्यात खळ असते, उंदराला ती आवडते. ती उठली. दाराला धक्का दिला. आवाज थांबला. खोलीत टेबल, सहा खुर्च्या, भांड्यांचे कपाट, खिडकीतून आलेले ऊन. टेबलावर कार्डांचा मिटलेला अल्बम.

मग तिला उमगले की आपण चूक केली. खाण्याचा नव्हेच तो. जाड पुठ्ठ्यातून कात्री चालताना असाच आवाज होतो. लहानपणी हे दोन्ही आवाज एकाच टेबलावर, एकामागून एक होत; त्यांतला एक तिचा असे.

तिने उंदराचे सापळे आणून लावले. सापळ्यात काही सापडले नाही. मात्र तिसऱ्या दिवशी झाडताना टेबलाखाली एक कातरण सापडले. सुईइतके बारीक, किंचित पिळलेले, पुठ्ठ्याचे. तिने ते खिडकीपाशी नेले. पुठ्ठा जुना झाला की त्याची कापलेली कड तपकिरी पडते, ब्रेडच्या कडेसारखी. या कातरणाची एक कड तपकिरी होती.

दुसरी पांढरीशुभ्र होती.

५

नेल्वा भित्री नव्हती आणि बावळटही नव्हती. तिने शिकवलेल्या पद्धतीने तपास केला. कपड्याचा नमुना उतरवून घेतात तसा तिने अल्बमच्या एका पानावरच्या कार्डांवर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि टोकदार पेन्सिलीने प्रत्येकाची कड गिरवली. ही सगळी जुनी खरेदी होती. कॉर्विन जिवंत असताना दूरदूरच्या राज्यांतून आणलेली, तिने शंभरदा पाहिलेली. घाईचे पोर, चावणारे पोर, आईने कात्री घेतलेले पोर. पायरी एकालाही नव्हती.

काही दिवसांनी तिने लोइसला बोलावून घेतले आणि तोच कागद त्याच पानावर ठेवला.

पेन्सिलीच्या रेघा कार्डांच्या बाहेर राहिल्या. थोड्याशा, जेमतेम केसभर. उजव्या बाजूला मात्र केसाहून अधिक. प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यावर.

"गिरवताना तुझा हात हलला असेल," लोइस म्हणाली.

"माझा?"

"सत्तरीला टेकलोय आपण, बाई. माझा तर कॉफी ओततानाही हलतो."

"मग सगळीकडे एकाच बाजूला कसा हलला?"

लोइसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिने जे विचारले त्याचा नेल्वाला राग आला नाही, कारण तिने ते स्वतःला आधीच विचारून पाहिले होते.

"नेल, तूच तर नाही ना गं करत? म्हणजे, तुझ्याही नकळत?"

नेल्वाने उठून कागदी रुमालांचे एक खोके आणले, डाव्या हातात कात्री धरली आणि लोइसच्या देखत त्यातून एक चौकोन कापून दाखवला. कापला कसला, फाडला. कड इतकी दातरी आली की शाळेत तिने त्याला शून्य दिले असते.

"हे बघ माझा डावा हात," ती म्हणाली. "माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला कधी शिकवलं कुणी?"

तरीही शंका नको म्हणून घरातल्या सगळ्या कात्र्या तिने एका पिशवीत भरून लोइसच्या हवाली केल्या. शिवणाची, स्वयंपाकाची, नखांचीसुद्धा. लोइस पिशवी खुळखुळवत घरी गेली आणि आपल्या कपाटात ठेवून तिने त्याला कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेल्वा लापशी खात होती. दाराच्या पलीकडे कुर्रम असे वाजले.

ती उठली नाही. तिने चमचा खाली ठेवला नाही. ती खात राहिली, आणि नंतर तिने लोइसला सांगितले की खाता खाता आपला घास त्या आवाजाच्या बरोबरीने चालू लागला आहे हे तिच्या ध्यानात आले. ती थांबली की तोही थांबे. वाट पाहिल्यासारखा.

६

उन्हाळा असाच सरला. तिच्याकडची बहुतेक कार्डे कॉर्विनची झाली होती. आयुष्यात एकदा एक गोष्ट त्याला वगळून करायची ठरवली, तर तीही हा मागच्या दाराने येऊन घेऊन चालला. तेही मेल्यावर, जेव्हा माणसाला निदान लाज म्हणून थांबता यावे. भीतीपेक्षा तिला या गोष्टीचा संताप अधिक होता. कार्डे जाळून टाकायचा विचार तिच्या मनात आला. पण जाळली असती तर तोच जिंकला असता.

मग तिला आईचा कायदा आठवला. जो कापेल त्याचे. इतकी वर्षे तिने दुसऱ्यांनी कापलेलीच कार्डे घेतली होती. कायद्याने ती तिची कधी नव्हतीच; जो मागून येऊन कापेल त्याला मोकळीच होती.

"ड्वेन, मला न कापलेली पाठ हवी," तिने विचारले. "पूर्ण. सातही कार्डं असलेली."

"ओहो! मिस हॉफस्ट्रा श्रीमंत झाल्या वाटतं."

"डाग पडलेली असली तरी चालेल. कुणाचीही कात्री न लागलेली पाहिजे."

ड्वेनने मागच्या खोक्यांतून एक पाठ शोधून काढली. कोंड्याच्या फ्लेक्सची. पाण्याने एक कोपरा फुगलेला, मधे बाक आलेला, म्हणून पडून राहिलेली. कारखान्यात छापली गेली, पण खोके कधी बनलेच नाही, की त्यात कधी काही भरले गेले नाही.

"आता हिला जपा हं," तो म्हणाला. "अशी अख्खी मिळत नाही."

"मी ती कापणार आहे."

ड्वेनचे हसू मावळले. "कापणार? अहो, कापलीत की संपलं सगळं. मग राहिलं काय?"

"मी," नेल्वा म्हणाली.

घरी आल्याबरोबर ती कात्री मागवून कामाला लागली असती तर पुढचे कदाचित टळले असते. लोइसबाईंना तरी असे वाटते. पण पाठीला बाक होता, आणि वाकलेल्या पुठ्ठ्यावर कात्री सरळ चालत नाही. आधी दाब, मग माप, मग काप, हे तिने उभ्या हयातीत हजारो मुलींना बजावले होते. तिचा पहिला काप वाकडा जायला नको होता. तिने जेवणाच्या टेबलावर पाठ सपाट अंथरली, वर स्वच्छ फळी ठेवली, फळीवर घरातले सगळे जाड ग्रंथ रचले आणि लोइसला निरोप दिला: रविवारी चर्चनंतर जेवायला ये, येताना शिवणाची मोठी कात्री घेऊन ये.

नीटनेटकेपणापायी तिने त्याला अख्खी एक रात्र दिली.

७

रविवारी मटाराचे सूप होते. लोइस ओला कोट अडकवून स्वयंपाकघरात आली, पर्समधून कात्री काढून तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घे बाई, तुझं हत्यार. आधी जेवूया की आधी शस्त्रक्रिया?"

"आधी जेवू. दुपारी उजेड चांगला असतो."

वाढायला घेणार तोच दाराच्या पलीकडे आवाज झाला. कुर्रम. या वेळी तो लोइसनेही ऐकला. तिने टेबलावरच्या कात्रीकडे पाहिले. कात्री जागच्या जागी होती.

"उंदीर," लोइस म्हणाली. आपला आवाज आपल्याला परका वाटला, असे तिने मला सांगितले.

"नाही," नेल्वा म्हणाली. तिने कात्री उचलली. "तू बस. हे माझं आहे."

ती दार ढकलून आत गेली. दार मागे दोन-तीनदा हलले आणि स्थिर झाले.

ग्रंथ जमिनीवर नीट रचून ठेवलेले होते. पाठ टेबलावर उभी होती. तिच्यामागे खोके नव्हते, टेकू नव्हता. न्याहारीच्या वेळी दोन माणसांच्या मधे खोके ठेवावे तशी ती उभी होती. सात कार्डांपैकी सहा कापून खाली मांडलेली होती. त्यांच्या जागी सहा चौकोनी खिडक्या झाल्या होत्या. नेल्वा अलीकडच्या खुर्चीवर बसली. बसली नसती तर पलीकडचे तिला पुठ्ठ्याच्या वरून दिसले असते. पण खुर्ची तिच्यासाठी मागे ओढून ठेवलेली होती.

तिची खात्री होती की खिडक्यांतून कॉर्विन दिसेल. तिने तोंडात शिव्या जमवून ठेवल्या होत्या, आयुष्यभराच्या.

खालच्या खिडकीत एक हनुवटी होती. ती हलत होती. चावत होती. हनुवटीला फ्लेक्सचा एक तुकडा चिकटला होता आणि तो पुसायला हात रिकामा नव्हता. वरच्या खिडकीत डोळे होते. ते नेल्वाकडे पाहत नव्हते. तिच्या हातातल्या कात्रीकडे पाहत होते. कोणी तरी खूप वेळ, अगदी शहाण्यासारखे, काही न मागता काही मिळण्याची वाट पाहते, तसे. कपाळावरच्या बटा आईने ओल्या कंगव्याने चप्प बसवल्या होत्या.

आपली नऊ वर्षांची हनुवटी माणूस कधी पाहत नाही. तरी तिने ती ओळखली.

कात्री खाली ठेवता आली असती. हे नेल्वाने स्वतःच लोइसला सांगितले, कुणी न विचारता. पलीकडे हात घालून तो तुकडा पुसता आला असता. निदान खाली मांडलेल्या सहांपैकी एक कार्ड खिडकीतून तिकडे सरकवता आले असते. हे सगळे तिला त्या क्षणी स्पष्ट सुचले. पण सातवे कार्ड अजून कापायचे राहिले होते, ते तिचे होते, आणि खोके रिकामे झाल्याशिवाय ते कापता येणार नव्हते.

लोइसने दार ढकलले तेव्हा तिला नेल्वाची पाठ दिसली आणि नेल्वापुढे उभा असलेला पुठ्ठा दिसला. पलीकडची बाजू दिसली नाही. भांड्यांचे कपाट आड येत होते. तिला चावण्याचा आवाज ऐकू येत होता, सावकाश, कोरडा. आणि तिला नेल्वाचा आवाज ऐकू आला, एवढ्या वर्षांत कधी न ऐकलेला, त्रासिक, घाईचा.

"खा ना," नेल्वा म्हणत होती. "अजून उरलंय. खा लवकर."

चावणे जलद झाले. मग थांबले. मग नेल्वाने कात्री डाव्या हातात घेतली आणि सातवे कार्ड एका दमात कापून काढले.

८

मी नेल्वा हॉफस्ट्रा यांना डिसेंबरात भेटलो. त्या प्रसन्न होत्या. शनिवारच्या बाजारात त्या आता जात नाहीत. ड्वेनला मी विचारले. पाठ त्याने विकली हे त्याला आठवते आणि ती कापली गेली याचे त्याला अजून वाईट वाटते. ट्रेसिंग पेपर लोइसबाईंकडे आहे, तो मी पाहिला. सात कार्डे नेल्वाबाईंनी मला दाखवली, हातात मात्र दिली नाहीत. कडा पांढऱ्या आहेत. साती कार्डांना उजव्या कोपऱ्याशी पायरी आहे. त्यांतले एखादे मला जवळून पाहू द्याल का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी सातही गोळा करून पाकिटात घातली आणि म्हणाल्या, "कात्री कुणाच्या हातात होती?"

एक गोष्ट मात्र मला पडताळता आली नाही. लोइसबाई सांगतात की नेल्वाला उठवून स्वयंपाकघरात नेल्यावर त्या खोली आवरायला परत गेल्या, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला एक वाटी होती. आत फ्लेक्सचा चुरा होता, कोंड्याचा, आणि चमच्याची दांडी अजून कोमट होती. नेल्वाबाई म्हणतात, वाटी नव्हतीच. तसले फ्लेक्स लहानपणानंतर घरात आलेले नाहीत. मी लोइसबाईंना विचारले की मग ती वाटी आता कुठे आहे.

"धुऊन कपाटात लावली," त्या म्हणाल्या. "तिच्यासारख्याच इतर वाट्यांत. आता कुठली ती, कसं सांगू? पण लेकराचं उष्टं भांडं तसंच टाकून कसं निघायचं?"